अचाट वीर आणि खेळाची कसोटी

गोष्टींतील वीराला सांगणारानें वाटेल तेवढें बळ द्यावें. ऐकणाराचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मारुतीनें द्रोणागिरी उचलला हें ऐकतांना लहान मुलाला आनंदच होतो. पर्वत जड होता कीं हलका, याची चौकशी तें करीत नाहीं. परंतु असा वीर गोष्टींतून काढून खेळांत आणला आणि त्याला चालविण्याचें काम खेळणाराच्या हातीं दिलें, म्हणजे निराळीच अडचण उभी राहते. खेळ म्हटला कीं त्यांत हरण्याचा संभव असावा लागतो. बुद्धिबळाच्या पटावर एका बाजूचीं सगळीं प्यादीं काढून त्यांच्या जागीं वजीर बसविले, तर तो डाव जिंकण्यांत कोणाला गोडी वाटणार? वीर अजिंक्य ठेवला तर खेळ उरत नाहीं, आणि खेळ राखण्यासाठीं वीराला दुबळें केलें तर वीर उरत नाहीं. अमेरिकन चित्रकथांमधील सुपरहिरोंचे व्हिडिओ गेम बनविणाऱ्या पुष्कळांना या पेंचानें चकविलें आहे. तो कसा सुटला, हें एका खेळाच्या उदाहरणानें पाहण्यासारखें आहे.

व्हिडिओ गेम हा शब्द आतां घरोघरीं ऐकूं येतो. पण पुष्कळ वडीलधाऱ्यांनीं तो खेळ मुलांच्या पाठीमागून, जातां जातांच पाहिलेला असतो. पडद्यावर चित्रें हलतात, तेव्हां हा सिनेमाचाच एक प्रकार असावा, असा त्यांचा समज होतो. तो बरोबर नाहीं. सिनेमांतील माणूस प्रेक्षक पाहो वा न पाहो, आपल्या ठरलेल्या वाटेनें जातो. व्हिडिओ गेममधील नायक खेळाडूनें हातांतील कंट्रोलर हलविल्याखेरीज पाऊल उचलीत नाहीं. म्हणून अशा खेळाची परीक्षा केवळ चित्रांच्या सुबकपणावरून करतां येत नाहीं. हातानें केलेली क्रिया आणि पडद्यावर मिळालेलें फळ यांचा मेळ कसा बसला आहे, हें पाहावें लागतें. सतार दिसावयास सुंदर आणि वाजवावयास भिकार असूं शकते. तशांतलीच ही गोष्ट आहे.

वर सांगितलेल्या अडचणीचा प्रसिद्ध बळी म्हणजे १९९९ सालीं निन्टेंडो ६४ या यंत्रासाठीं निघालेला सुपरमॅनचा खेळ. १९३८ सालीं चित्रकथेंत अवतरलेला हा नायक आकाशांत उडतो, आणि बंदुकीच्या गोळीनें त्याला ओरखडाहि पडत नाहीं. अशाला हरवावें कसें? रचनाकारांनीं घड्याळालाच त्याचा शत्रू केलें. हवेंत टांगलेल्या कड्यांमधून ठराविक वेळांत उडत जावयाचें, हें काम खेळाडूपुढें वारंवार ठेवलें. त्यांतून नायकाला वळविणें इतकें अवघड कीं बहुतेक वेळ त्या कड्यांशीं झगडण्यांतच जावा. ज्यानें धांवती आगगाडी थोपवावी, त्याला सर्कशींतल्या पोपटाप्रमाणें कड्यांतून फिरविलें. अत्यंत वाईट खेळांच्या यादींत त्याचें नांव आजहि घेतलें जातें.

हा पेंच ज्यानें उत्तम रीतीनें सोडविला, तो खेळ म्हणजे २००९ सालीं निघालेला ‘बॅटमॅन : आर्कम असायलम’. लंडन येथील रॉकस्टेडी स्टूडिओज या संस्थेनें तो तयार केला. दिग्दर्शन सेफ्टन हिल यांचें होतें. संस्था २००४ सालीं स्थापन झालेली, आणि तोंपर्यंत तिचा एकच खेळ, २००६ सालीं, बाजारांत आलेला. नायक मात्र जुना व नामांकित होता. बॉब केन आणि बिल फिंगर यांनीं निर्माण केलेला बॅटमॅन मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकांत प्रथम प्रकट झाला. त्याला दैवी सामर्थ्य कांहींच नाहीं. लहानपणीं डोळ्यांदेखत आईबापांचा खून झालेला हा एक धनिक पुरुष; कमावलेलें शरीर, तीक्ष्ण बुद्धि आणि नाना तऱ्हेचीं उपकरणें एवढेंच त्याचें भांडवल. गोळी लागली तर तो मरेल. शिवाय पुढें रूढ झालेल्या परंपरेप्रमाणें तो बंदूक हातीं धरीत नाहीं आणि कोणाचा जीव घेत नाहीं. देहाचा मर्त्यपणा आणि न मारण्याचें व्रत या त्याच्या दोन मर्यादाच खेळाच्या रचनेस वरदान ठरल्या.

कथा एका रात्रीची आहे. जोकर नांवाच्या विदूषकवेषधारी गुन्हेगाराला पकडून बॅटमॅन गॉथम या काल्पनिक नगराच्या बेटावरील आर्कम मनोरुग्णालयांत आणतो. आरंभीं खेळाडूला मारामारी करावयाची नसते. जखडलेल्या जोकरच्या सोबतीनें लांबच लांब बोळांतून, एकामागून एक दरवाजे ओलांडीत, केवळ चालावयाचें असतें. इतकी सहज झालेली अटक खरी नसावी, हा संशय त्या चालण्यांतच मनांत शिरतो. आणि होतेंहि तसेंच. जोकर सुटतो, बेट ताब्यांत घेतो, आणि कोंडावयास आलेलाच आंत कोंडला जातो. ही कथा पॉल डिनी यांनीं लिहिली. बॅटमॅनचा आवाज केव्हिन कॉनरॉय यांचा आणि जोकरचा मार्क हॅमिल यांचा. १९९२ सालीं सुरू झालेल्या बॅटमॅनच्या दूरदर्शन-व्यंगपटमालिकेंत हे तिघेहि होते. ज्यांना रेडिओवरील नाटिका ऐकण्याचा नाद आहे, त्यांना केवळ आवाजानें माणूस कसा उभा राहतो हें सांगावयास नको. जोकर बेटावरील ध्वनिक्षेपकांतून रात्रभर बोलत राहतो, आणि तो समोर नसतांहि त्याची सत्ता जाणवत राहते. कॉनरॉय २०२२ सालीं निवर्तले. त्यांच्या आवाजाचें हें एक उत्तम स्मारक मानावें लागेल.

आतां खेळण्याकडे वळूं. बॅटमॅनला दोन तऱ्हेचे सामने द्यावे लागतात. पहिला सामना निःशस्त्र गुंडांच्या घोळक्याशीं. एक बटण ठोसा मारण्याचें, दुसरें आलेला वार परतविण्याचें, तिसरें अंगावरील झगा फडकावून शत्रूला गोंधळविण्याचें. शिवाय बाजूला उडी घेण्याची सोय. सामग्री एवढीच. कोणी मागून हात उगारला कीं त्याच्या डोक्याभोंवतीं विजेसारख्या रेघा चमकतात; त्या दिसतांच दुसरें बटण दाबलें तर बॅटमॅन गर्रकन् वळून तो हात धरतो. एक आघात पुरा होतांच नायक खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसावर झेपावूं शकतो. न चुकतां केलेल्या आघातांची मोजदाद पडद्यावर चालते, आणि एकहि ठोसा खाल्ला कीं ती शून्यावर येते.

यांतलें मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. नवशिका बटणें भराभर दाबून बहुधा जिंकतो. म्हणजे बॅटमॅन अगदींच दुबळा ठरत नाहीं. पण त्याचें जिंकणें ओबडधोबड असतें, अडखळत चाललेलें असतें. जाणता खेळाडू घाई करीत नाहीं. तो ताल धरतो. लेझमीच्या मेळ्यांत हलगीच्या ठेक्यावर पाऊल पडावें तसें त्याचें बटण वेळेवर पडतें. मग दहाबारा जणांच्या गराड्यांतून नायक एका लयींत फिरूं लागतो. सुरी घेतलेल्यावर सरळ ठोसा चालत नाहीं, त्याला आधीं झग्यानें गोंधळवावें लागतें. विजेचा दंडुका घेतलेल्याच्या डोक्यावरून उडी मारून त्याला पाठीमागून गांठावें लागतें. बळ नायकापाशीं आहेच. तें शोभेल असें वापरण्याचें कौशल्य खेळाडूनें आणावयाचें. पेंच सुटला तो येथें. हरण्याची भीति थोडी कमी केली, आणि तिच्या जागीं वीराला न शोभेल असें लढण्याची लाज ठेवली.

दुसरा सामना बंदूकधाऱ्यांशीं. येथें धिटाईनें पुढें गेल्यास मरण ठरलेलें. उंच छताच्या दालनांत दगडी राक्षसमुखें बसविलेलीं असतात. हुक सोडून बॅटमॅन त्यांवर चढतो आणि अंधारांत दबा धरून बसतो. खालीं पहारेकरी फिरत असतात. एकटा पडलेला हेरून त्याला आवाज न करतां बेशुद्ध करावयाचें, नाहींतर राक्षसमुखावरून उलटें लोंबकळत खालून जाणाऱ्याला वर ओढून तेथेंच टांगून ठेवावयाचें. बाकीच्यांना तो सांपडला कीं त्यांचा धीर सुटतो. ते एकमेकांना हांका मारतात, सावलीकडे गोळ्या झाडतात. त्यांच्या हृदयाचे ठोके किती वाढले आहेत, हेंहि खेळाडूला पाहतां येतें. लपंडावांत लपणारा भ्यालेला असतो. येथें लपलेला असतो तो शिकारी. भीति हेंच बॅटमॅनचें खरें शस्त्र, असें चित्रकथेंत नुसतें सांगितलेलें असतें. खेळांत तें खेळाडूच्या हातून घडतें. पुढें जोकर राक्षसमुखांत स्फोटकें पेरतो, आणि बेशुद्ध झालेल्याचा पत्ता इतरांना लागावा म्हणून आपल्या माणसांच्या गळ्यांत यांत्रिक पट्टे बांधतो. जुनी युक्ति निकामी होते व नवी शोधावी लागते.

या दोहोंच्या मधल्या वेळांत बेट धुंडाळावयाचें असतें. नवें उपकरण हातीं आलें कीं पूर्वी बंद असलेली वाट उघडते. रिडलर नांवाच्या कोडेबहाद्दरानें पेरलेलीं २४० कोडीं व खुणा शोधण्यांत चौकस खेळाडूचा वेळ बरा जातो.

परंतु खेळाचें शिखर आहे तें स्केअरक्रो नांवाच्या खलपुरुषाच्या प्रकरणांत. त्याच्या भीतिदायक वायूनें बॅटमॅनला भास होऊं लागतात. रुग्णालयाचा बोळ हळूहळू पालटत जाऊन ज्या गल्लींत त्याचे आईबाप मारले गेले ती गल्ली होतो, आणि चालतां चालतां तो लहान मुलगा होतो. पुढें एकदां तर खेळच बिघडल्यासारखा अडकतो व पहिल्यापासून सुरू होतो. पण या वेळीं गाडी जोकर चालवीत असतो आणि बंदी म्हणून आणला जातो तो बॅटमॅन. आपलें यंत्र नादुरुस्त झालें, या समजुतीनें पुष्कळ खेळाडू क्षणभर घाबरले. नायकाची भीति अशी खेळाडूच्या खोलींत आणून सोडणें सिनेमाला वा नाटकाला सहजासहजीं साधणारें नाहीं.

असें असतांहि खेळ निर्दोष नाहीं. बॅटमॅनला एक दिव्यदृष्टि दिली आहे. ती चालू केली कीं भिंतींपलीकडचीं माणसें सांगाड्यांच्या रूपानें दिसतात आणि त्यांतील बंदूकधारी वेगळ्या रंगानें ओळखूं येतात. ही सोय इतकी उपयोगी कीं खेळाडू ती बंदच करीत नाहीं. परिणाम असा कीं चित्रकारांनीं कष्टानें रंगविलेलें बेट तो बहुतांशीं निळसर धुक्यांतूनच पाहतो. ज्या मदतीला कांहीं किंमत मोजावी लागत नाहीं, ती मदत रसाचा घात करते, हा धडा यांतून घेण्यासारखा आहे. दुसरा दोष अधिक मोठा. टायटन नांवाच्या औषधानें फुगलेल्या राक्षसांशीं होणाऱ्या झुंजी एकाच सांच्याच्या आहेत: तो धांवून येतो, बाजूला व्हावें, तो भिंतीवर आपटतो, मग मारावें. आणि शेवटीं जोकर स्वतःच तें औषध टोंचून घेऊन राक्षस बनतो. ज्याचें सारें बळ जिभेंत व कपटांत, त्याला दंड फुगवून उभें केलें, तेथें कथेचा आणि खेळाचा दोहोंचा तोल जातो.

हे दोष जमेस धरूनहि खेळाचें मोल कमी होत नाहीं. टीकाकारांनीं सर्वाधिक वाखाणलेला सुपरहिरो-खेळ म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथांत त्याची नोंद झाली. त्याचे पुढील भाग निघाले, आणि त्याची झुंजीची पद्धत इतरांनींहि उचलली. २०१८ सालीं इन्सोम्नियॅक गेम्स या अमेरिकन संस्थेनें प्लेस्टेशन ४ साठीं काढलेल्या स्पायडर-मॅनच्या खेळांत तिची छाप स्पष्ट दिसते. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमधून धाग्यानें झोके घेण्याचा आनंद हा मात्र त्या खेळाचा स्वतःचा.

राहतां राहिला प्रश्न घरांतील वडीलधाऱ्यांचा. अमेरिकेंतील वर्गीकरणानें हा खेळ तेरा वर्षें व त्यापुढील मुलांसाठीं ठरविला आहे. त्यांत मारामारी आहे, भेसूरपणाहि आहे, आणि लहान मुलांपुढें तो ठेवूं नये हें उघड आहे. पण मोठा मुलगा त्यापुढें बसला असतां केवळ पडद्यावरचे ठोसे पाहून त्याची किंमत करणें न्यायाचें होणार नाहीं. घटकाभर मुलाच्या हातांकडे पाहावें. तीं बोटें भराभर बटणें कुटीत असतील, तर तो अजून खेळ शिकलेला नाहीं. तीं थांबत असतील, वाट पाहत असतील, नेमक्या क्षणीं एकदांच हलत असतील, तर हातीं असलेलें बळ आवरून धरावें लागतें, ही गोष्ट त्याला उमगूं लागली आहे. तो थांबला कां, एवढेंच त्याला विचारावें. उत्तर बहुधा पडद्यावरील वीरापेक्षां अधिक ऐकण्यासारखें निघेल.