लहान फाइलींचे जलद हस्तांतरण
वेब सर्व्हरवर असंख्य लहान फाइली चढवण्यास तेवढ्याच एकूण आकाराच्या एका मोठ्या फाइलीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. त्याचे प्रमुख कारण म्हणजे प्रत्येक फाइलीमागे होणारी संदेशांची देवाणघेवाण. १९८५ साली प्रमाणित झालेल्या एफटीपी या नियमावलीत सामान्यतः प्रत्येक फाइलीसाठी स्वतंत्र डेटा-जोडणी उघडली जाते.

प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. त्यामुळे रत्नागिरीहून सुमारे १३,००० किलोमीटरवरील अमेरिकेतील सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीस किमान ०.१३ सेकंद लागतो. १०,००० फाइली एकामागून एक पाठवताना प्रत्येकी एकच फेरी धरली, तरी केवळ प्रतीक्षेत सुमारे २२ मिनिटे जातात. अधिक क्षमतेची इंटरनेट जोडणी घेऊनही हा वेळ घटत नाही.

यावर पुढील उपाय योजले जातात. टार किंवा झिप स्वरूपात सर्व फाइलींची एकच फाइल करून पाठवावी व ती सर्व्हरवर उलगडावी; मात्र त्यासाठी सर्व्हरवर तशी सोय असावी लागते. ती नसल्यास एकाच वेळी अनेक जोडण्या वापरून प्रतीक्षा विभागता येते. वारंवार अद्ययावत होणाऱ्या संकेतस्थळांसाठी आरसिंक उपयुक्त ठरते. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांची १९९६ सालची ही आज्ञावली केवळ बदललेला भाग पाठवते.