तिसऱ्या रकान्यातला अर्थसंकल्प

घरोघरी चकलीचा सोऱ्या धुऊनपुसून फडताळात जातो, त्या सुमारास दिल्लीत पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्प चुलीवर चढलेला असतो. अर्थ मंत्रालयाचे परिपत्रक गणपतीच्या आगेमागे खात्याखात्यांत पोचते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्यय सचिवांसमोर एकेका मंत्रालयाचे अधिकारी आकडे घेऊन बसतात. आतापर्यंत किती खर्चले, मार्चपर्यंत किती खर्चणार, पुढे किती हवेत, अशी घासाघीस चालते. 1 फेब्रुवारीला टीव्हीवर दिसते ते या घासाघिशीचे जाहीर वाचन.

‘बजेट’ हा शब्द आपल्या राज्यघटनेत नाहीच. कलम 112 मध्ये आहे ते ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’; कारकुनी थाटाचे नाव, पण त्यामागचा दंडक कडक. कायद्याशिवाय कर लावता येत नाही आणि संसदेने कायद्याने परवानगी दिल्याशिवाय एकत्रित निधीतला पैसा उचलता येत नाही.

लोकांना मात्र भुरळ पडते ती गुप्ततेची. 1950 साली जॉन मथाई अर्थमंत्री असताना अर्थसंकल्पातला काही भाग फुटला. छपाई राष्ट्रपती भवनातून मिंटो रोडच्या छापखान्यात गेली आणि 1980 मध्ये नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात. कढईभर हलवा वाटायचा आणि कर्मचाऱ्यांनी भाषण होईपर्यंत घरदार विसरून आत राहायचे, हा रिवाज त्यातूनच गाजला. 2021 पासून अर्थसंकल्प कागदाविना सादर होतो, हलवा मात्र टिकून आहे. खरे तर जुलै 2017 पासून बहुतेक वस्तूंच्या कराचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. लपवण्यासारखे उरले आहे ते मुख्यतः प्राप्तिकर आणि सीमाशुल्क.

मथाईंनंतर अर्थखाते चिंतामणराव देशमुखांकडे आले. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण आणि मधु दंडवते यांनीही अर्थसंकल्प मांडले. 1999 पर्यंत भाषण संध्याकाळी पाचला होई, ते सकाळी अकरावर आले. 2017 मध्ये तारीख 1 फेब्रुवारी झाली आणि 1924 पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प त्यात विलीन झाला.

भाषणापेक्षा खर्चाची पाने बोलकी असतात. त्यांत प्रत्येक योजनेपुढे चार रकाने असतात: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. टाळ्या चौथ्या रकान्याला मिळतात. पण दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून वाचावेत. नळाने पाणी देणाऱ्या जल जीवन मिशनपुढे 2024-25 साठी सुमारे 70,163 कोटी रुपये होते. तिसऱ्या रकान्यात ते सुमारे 22,694 कोटी झाले. ज्यांच्या अंगणात नळ पोचायचा होता, त्यांना या कपातीची बातमी कोणी दिली नाही.

मग संसद काय करते? भाषणानंतर सभागृहे सुट्टीवर जातात आणि मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या स्थायी समित्यांपुढे येतात. 1993 पासूनची ही सोय चांगली आहे. तिथे खासदार पक्ष थोडा बाजूला ठेवून अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात. अहवाल मात्र सरकारवर बंधनकारक नसतो. लोकसभेत हत्यार आहे ते कपात सूचनेचे. धोरण अमान्य असेल तर मागणी एका रुपयावर आणा म्हणायचे, विशिष्ट तक्रार असेल तर शंभर रुपये कापा म्हणायचे. शंभराची नोट ही, पण एक सूचना जरी मंजूर झाली तरी सरकारवरचा विश्वास उडाल्यासारखेच. म्हणून ती मंजूर होत नाही.

मोजक्या मंत्रालयांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी ‘गिलोटिन’ पडते. उरलेल्या साऱ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. मार्च 2018 मध्ये तर लोकसभेने एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा न करता सगळ्याच मंजूर केल्या. गोंधळ विरोधकांचा की घाई सरकारची, यावर वाद घालता येईल; हिशेब कोणीच विचारला नाही, यावर नाही. त्यात कर्जावरच्या व्याजासारखा ‘भारित’ खर्च मताला येतच नाही. 2025-26 च्या सुमारे 50.65 लाख कोटींच्या अंदाजित खर्चापैकी एकट्या व्याजाचा वाटा 12.76 लाख कोटींचा होता. विनियोजन आणि वित्त विधेयके मग राज्यसभेकडे जातात. तिने 14 दिवसांत परत करायची. तिच्या शिफारशी मानणे न मानणे लोकसभेच्या हाती.

जल जीवन मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढवल्याचे 2025 च्या भाषणात जाहीर झाले आणि चौथ्या रकान्यात पुन्हा 67,000 कोटी छापले गेले. अशा आकड्यांचा तिसरा रकाना दिवाळीच्याच दिवसांत, बंद दाराआड भरला जातो.