कट्ट्याचा पंचनामा, संग्रहालयात

जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या मारेकऱ्याला नारा इथल्या न्यायालयाने जन्मठेप दिली. खटल्यात जास्त चर्चा झाली ती त्याच्या आईने एका पंथाला वाहिलेल्या पैशांची. हत्येच्या दिवशीच्या, ८ जुलै २०२२च्या फोटोतली ती घरगुती बंदूक मात्र मागे पडली: दोन नळ्या, एक फळी आणि भरपूर काळी चिकटपट्टी.

अशा वस्तूकडे पोलीस पुरावा म्हणून बघतात. इंग्लंडात लीड्सला तिच्याकडे कारागिरी म्हणून बघणारी माणसं पगारावर आहेत. रॉयल आर्मरीज हे मूळचं टॉवर ऑफ लंडनमधलं शस्त्रागार; १९९६ मध्ये लीड्सला त्याची नवी इमारत झाली. तिथल्या बंदुका आणि तोफांचे अभिरक्षक जोनाथन फर्ग्युसन यांना आपल्याकडची पोरंही यूट्यूबवरून ओळखतात. व्हिडिओ गेममधल्या बंदुकांच्या चुका ते हसत हसत काढतात. पण घरी, चोरून बनवलेली हत्यारं हाही त्यांच्या अभ्यासाचाच भाग.

विषय लीड्सकरांच्या दारातलाच आहे. फिलिप लुटी हा याच शहराचा. ब्रिटनचे बंदूक कायदे पटत नाहीत म्हणून त्याने हार्डवेअरच्या दुकानातल्या मालातून सबमशीनगन केली आणि १९९८ मध्ये चार वर्षांची कैद ओढवून घेतली. २०११ मध्ये तो वारला, नमुना उरला. २०१९ मध्ये जर्मनीत हाले इथल्या सिनेगॉगवर चालून गेलेल्या हल्लेखोराकडे त्याच नमुन्यावरची बंदूक होती. त्याची घरगुती हत्यारं पुन्हा पुन्हा अडकली. दोन जीव गेलेच, पण सिनेगॉगचा दरवाजा टिकला आणि आतली माणसं वाचली. ‘घरबसल्या कुणीही बंदूक बनवेल’ अशी हाकाटी करणाऱ्या वाहिन्यांनी हे अडकणंही दाखवावं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१३ मध्ये थ्री-डी प्रिंटरवरचं ‘लिबरेटर’ पिस्तूल घेतलं, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. मला त्यात प्रदर्शनाची हौसच जास्त दिसते. खरी मौज जुन्या मालात आहे. खैबरच्या दऱ्यांतल्या कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या नकला केल्या, शिक्क्यांसकट. अक्षरओळख नसल्याने ‘एन’ उलटा पडतो. कुठे व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असते आणि खाली साल तिच्या मृत्यूनंतरचं! नक्कल पकडायला याहून सोपी खूण नाही.

दुसऱ्या महायुद्धात वॉर्सात नाझींच्या नाकावर टिच्चून पोलिश क्रांतिकारकांनी ‘ब्विस्काविट्सा’ ही सबमशीनगन बनवली. जोड वेल्डिंगऐवजी आट्यांचे, कारण ते छोट्या कारखान्यांतही जमत. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी होत. कारखान्याचा दर्शनी धंदा तारेच्या जाळीचा. सुमारे सातशे नग निघाले, आणि आराखडा करणाऱ्या दोघांनी त्याआधी एकही शस्त्र रचलं नव्हतं. बनवणाऱ्यापाशी काय होतं आणि काय नव्हतं, हे असं जोडावरून कळतं.

आणि आपला गावठी कट्टा? महाराष्ट्राच्या सीमेलगत मध्य प्रदेशातलं उमर्टी गाव पुणे-जळगावच्या गुन्हेबातम्यांत कायमचं. जप्त माल टेबलावर मांडायचा, मागे अधिकाऱ्यांनी रांगेत उभं राहायचं, फोटो काढायचा. पुढे माल मालखान्यात, खटला संपला की नष्ट. मुठीचं लाकूड कुठलं, नळी कशाची, चापाची ढब कोणत्या भट्टीची, हे टिपून ठेवलं तर दहा जिल्ह्यांतले कट्टे एकाच हाताचे आहेत का, ते तरी कळेल. सध्या न्यायालयात प्रश्न मुख्यतः एकच असतो: हत्यार चालू स्थितीत आहे का?