प्लस नंबरचं आळं

‘चष्म्याला कायमचा रामराम’ म्हणणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत मायनस, प्लस आणि सिलिंडर हे तिन्ही नंबर एकाच दमात घेतले जातात. यंत्र एकच असलं, तरी काम एकच नाही. मायनस नंबर घालवताना पारपटलाचा मधला उंचवटा तासून चपटा करायचा असतो. प्लस नंबरात मध्य आणखी फुगीर हवा असतो, आणि लेसरला फक्त खरवडता येतं, भर घालता येत नाही. म्हणून मधला भाग राखून भोवती गोल चर खणतात, झाडाला आळं करावं तसा. आळ्याचं पुढं काय होतं, हे माळ्याला सांगायला नको: पावसाळ्यात ते गाळानं भरतं. इथला गाळ म्हणजे पारपटलावरचा पेशींचा थर, एपिथेलियम. जेमतेम 50 मायक्रॉनचा हा थर खोलगट जागी जाड होतो, उंचवट्यावर पातळ. मायनसच्या शस्त्रक्रियेनंतरही तो थोडी डागडुजी करतो. पण प्लसच्या चरात त्याला जास्त वाव मिळतो, आणि गेलेल्या नंबरातला काही भाग परततो.

याचा दोष लेसरच्या अचूकतेला देता येत नाही. 1981 साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी 193 नॅनोमीटरच्या अतिनील झोतानं थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर खाच पाडली. आजूबाजूचं मांस जराही करपलं नव्हतं. (वैद्यकातला इतका मोठा शोध शिळ्या जेवणावर क्वचितच लागला असेल!) एका स्पंदात मायक्रॉनचा जेमतेम पाव भाग निघतो. हत्यार याहून बारीक कशाला हवं? कोरलेली जागा जिवंत आहे, अडचण तिथंच आहे.

यावर आक्षेप येईल, की नव्या यंत्रांचा झोत बारीक आहे, चर रुंद आणि उताराचा करता येतो. हे खरंच आहे, आणि कमी नंबरात निकालही चांगले मिळतात. पण प्लस जितका मोठा, तितका चर खोल आणि भरवसा कमी. सिलिंडरची अडचण वेगळी. तिथं दिशा चुकून चालत नाही: अक्ष दहा अंशांनी हुकला, तर सुधारणेचा सुमारे तिसरा हिस्सा वाया जातो, तीस अंशांनी हुकला तर जवळजवळ सगळीच. आणि माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत काही अंश फिरू शकतो. म्हणून बसलेल्या स्थितीतच खूण करतात किंवा बुबुळाच्या नक्षीवरून यंत्राला दिशा दाखवतात.

नंबर परतला की बोट लेसरकडे जातं. मात्र तरुण डोळा नेत्रभिंगाचा फुगवटा वाढवून आपला बराचसा प्लस नंबर लपवत असतो. वय वाढतं तशी ही ताकद सरते आणि दडलेला नंबर वर येतो. परतलेला चष्मा आळ्यात गाळ भरल्याचा की या लपाछपीचा, हे कळायला शस्त्रक्रियेआधी स्नायू सैलावणारे थेंब घालून मोजलेला नंबर हाताशी असावा लागतो.