साथीचे हजेरीपुस्तक

साथ आली की आपण दवाखान्याकडे पाहतो. आज किती रुग्ण दाखल झाले, किती दगावले, हे वर्तमानपत्रात वाचतो आणि त्यावरून साथीचा आवाका ठरवतो. मी संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे हे आकडे वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो की, हा अंश झाला, पण छेद कुठे आहे? शंभर रुग्णांत पाच मृत्यू झाले तर प्रमाण शेकडा पाच. पण दवाखान्याची पायरी न चढलेले आणखी नऊशे बाधित गावात असतील, तर तेच प्रमाण दोनशेत एक इतके खाली येते. भीती किती बाळगायची आणि बंदोबस्त कोणता करायचा, हे या छेदावर अवलंबून असते.

छेद शोधण्याची एक पद्धत विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती म्हणजे मस्टर. कँटीनमधली डोकी मोजून वर्गातली गैरहजेरी कळत नाही. त्यासाठी नावांची यादी आधी हाती असावी लागते. साथीच्या अभ्यासात अशा यादीतल्या माणसांना ‘कोहॉर्ट’ म्हणतात. मूळ शब्द रोमन सैन्यातील तुकडीचा. माणसे धडधाकट असतानाच त्यांची नावे नोंदवायची आणि पुढे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे त्याच माणसांची विचारपूस करीत राहायचे, हे या पद्धतीचे सूत्र.

इंग्लंडमधील ‘फ्लू वॉच’ हा अभ्यास याचे उत्तम उदाहरण होय. तो २००६ ते २०११ या काळात चालला. त्यात सबंध कुटुंबे घेतली होती. हंगामाआधी रक्ताचा नमुना घेतला जाई. मग दर आठवड्याला विचारणा होई, घरात कोणाला खोकला, सर्दी, ताप आहे काय? असल्यास त्याच्या नाकातील नमुना तपासला जाई. हंगाम संपल्यावर पुन्हा रक्त. दोन्ही नमुन्यांतील प्रतिपिंडांची पातळी ताडून पाहायची. ती चौपट किंवा अधिक वाढलेली आढळली, तर मधल्या काळात विषाणू शरीरात येऊन गेला असे समजायचे. मग त्या माणसाला एक शिंकही आलेली नसो!

याच काळात, २००९ साली, एच१एन१ फ्लूची जागतिक साथ उसळली. आपल्याकडे तिचा पहिला बळी पुण्यात गेला. इंग्लंडमधील संशोधकांचे मस्टर मात्र तयारच होते. त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. लस न घेतलेल्यांपैकी सरासरी शेकडा १८ जणांना दर हिवाळ्यात फ्लूचा संसर्ग होत होता. पण त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना कसलाही त्रास जाणवला नव्हता. ज्यांच्या नाकात विषाणू प्रत्यक्ष सापडला, त्यांच्यापैकीही डॉक्टरांकडे गेल्याची नोंद शेकडा १७ जणांचीच होती. म्हणजे दवाखान्याच्या वहीत साथीचा केवळ शेंडा दिसत होता.

पुढे कोविडच्या वेळी, जून २०२० मध्ये, याच धर्तीवर इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘व्हायरस वॉच’ सुरू झाला. त्यात पन्नास हजारांहून अधिक लोक सहभागी झाले. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सत्तर जिल्ह्यांत पुनःपुन्हा रक्तपाहणी केली. आपल्या बाजूचे सांगली आणि कलबुर्गी हे जिल्हे त्यात होते. मे-जून २०२० मध्ये प्रौढांत प्रतिपिंडे आढळली ती शेकडा एकाहूनही कमी लोकांत, ०.७३ टक्के. जून-जुलै २०२१ मध्ये, लसीकरण सुरू झाल्यानंतर, सहा वर्षांवरील लोकांत हेच प्रमाण ६७.६ टक्के भरले. ही पाहणी मोलाचीच, परंतु जिल्हे तेच असले तरी माणसे दर वेळी निराळी होती. समाजात किती साठले, हे अशा पाहणीतून कळते. घरात विषाणू आधी कोणी आणला, एकदा मिळालेले संरक्षण त्याच माणसात किती काळ टिकले, हे समजण्यासाठी त्याच माणसाकडे पुन्हा जावे लागते.

या पद्धतीची दुखरी जागाही मस्टरमध्येच आहे. वर्षे उलटतात तशी नावे गळतात, आणि गळणारे सर्व सारख्या स्थितीतले नसतात. शिकलेला, वेळ असलेला माणूस प्रश्नावली चिकाटीने भरतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळीला जाणारा कामगार किंवा भाड्याची खोली बदलणारे कुटुंब लवकर सुटते. गर्दीत वावरणे ज्याला टाळता येत नाही तोच यादीतून गेला, तर उरलेल्या यादीत साथ आहे त्यापेक्षा सौम्य दिसते. कितीही सफाईदार गणित केले तरी ही उणीव पूर्णपणे भरून निघत नाही. तिला दारोदार जाणारी माणसेच लागतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आपले विद्यार्थी खेडोपाडी जातात. उद्या अशा एखाद्या अभ्यासासाठी त्यांना कोणाच्या दारी जावे लागले, तर ‘मला काही झालेले नाही, माझे रक्त कशाला?’ हा प्रश्न त्यांना हमखास ऐकू येईल. त्याचे उत्तर आतापासूनच तयार ठेवावे. ज्याला काही झाले नाही, त्याच्यावाचून छेद पुरा होत नाही. आणि छेद पुरा नसेल तर ज्यांना झाले, त्यांचा आकडा आपल्याला घाबरवू शकतो, शिकवू शकत नाही.