दोन रंगांची भिंत

कल्याणहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं. ट्रेकर मंडळींना ते नाणेघाटाच्या पायथ्याचं गाव म्हणून ठाऊक. याच परिसरातल्या एका जिल्हा परिषद शाळेची भिंत बोलकी करण्याचं काम चाललंय. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनचा वास व्हरांडाभर पसरलाय आणि पोरं वर्गात बसायला तयार नाहीत.

भिंत खरवडून लांबी भरणं, मग गेरूच्या छटेचे दोन हात, हे आधीच उरकलंय. पेंटर एरवी दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोचे फाळके रंगवतो. पाटीची अक्षरं काढताना तो सूत मारून, खडूने आखून घेतो. माणसं मात्र सरळ ब्रशने. खाली-वर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोळा, की झाला माणूस. तिसरा रंग मागणाऱ्या गुरुजींना त्याचं ठरलेलं उत्तर आहे: "दोनच रंग, गुरुजी. गेरू न् पांढरा."

हे दोन रंग मूळचे लग्नघरातले. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने वारली सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत. मधोमध पालघट देवी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद नेला आणि जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) हा पुरुष रोजच्या रोज चित्रं काढू लागला. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता वारली चित्रं हॉटेलांत, कपबशांवर, स्टेशनांवर सगळीकडे दिसतात. बरीचशी छापील साच्यातली, एकाच्या जागी दुसरं लावलं तरी चालेल अशी. शिवाय वारल्यांची मुख्य वस्ती डहाणू, तलासरी, जव्हारकडे; मुरबाडच्या या टोकाला ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अधिक. तरी ही भिंत उसनी वाटत नाही. त्याचं श्रेय पेंटरच्या खोड्यांना.

तारपा नाचाचं वेटोळं खिडकीपाशी अडलं, तर त्याने नाचणाऱ्यांना गजांना धरून चढवलं. नाचताना तारपेवाल्याकडे पाठ करायची नाही, हा रिवाज त्याला माहीत आहे. म्हणून गजावर लोंबकळणाराही मान वळवून त्याच्याकडेच बघतो. नाणेघाटाच्या चढणीवर शहरी ट्रेकर निघालेत. त्यांच्या पाठीवर सॅकचा तिसरा त्रिकोण. एक जण बसून धापा टाकतोय. वरच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तींची फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं उरलीत. इथे नाव कुणालाच नाही, पण पोरांनी धापा टाकणाऱ्याला लगेच एक चिकटवलंय.

"काका, यष्टी काढा ना!" यष्टी निघाली, टपावर कोंबड्यांची पाटी.

घोषवाक्य वरून ठरून आलेलं: पाणी अडवा, पाणी जिरवा. ते पेंटरने सुबक लिहिलं. खाली हंडे घेतलेल्या बायांची रांग काढायला घेतली, ती कोपरा वळून पुढच्या भिंतीवर गेली आणि थेट टँकरपाशी संपली. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शेजारच्या शहापूरच्या बाजूला आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट मात्र इथल्या पाड्यांनी पाहायची. गुरुजी टँकरकडे बराच वेळ पाहत राहिले, बोलले काहीच नाहीत.

पोरांचा आक्षेप वेगळाच होता. टँकरला नंबर नव्हता. एमएच ०४ की ०५, यावरून पाचवीतल्या दोघांची जुंपली.