मंदिर पडल्यावरचा देव

प्राचीन पश्चिम आशियात लढाई दोन राजांइतकीच त्यांच्या देवांचीही मानली जाई. नगर पडले, देवळातली मूर्ती जेत्याने उचलून नेली, की त्या देवाचा कारभार आटोपल्यात जमा. हा हिशेब लावला तर इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराच्या फौजेने यरुशलेमेतले शलमोनाचे मंदिर जाळले, तेव्हा इस्राएलाच्या परमेश्वराचे नावही मागे उरायला नको होते. घडले उलटेच. बंदिवासात गेलेल्यांचा त्याच्याविषयीचा आदर खोल झाला. याचे श्रेय, माझ्या मते, मंदिर शाबूत असतानाच ते पडणार म्हणून बजावणाऱ्या संदेष्ट्यांना जाते, त्यांतही यिर्मयाला.

देवाचे घर इथे आहे तोवर शहराला धक्का लागत नाही, असा लोकांचा पक्का समज होता. यिर्मयाने तो मंदिराच्या दारातच उभे राहून मोडीत काढला. उद्ध्वस्त झालेले शिलो आठवा, तिथेही एकेकाळी परमेश्वराचे स्थान होते, असे त्याने सुनावले. आरोप केवळ परक्या देवांच्या पूजेचा नव्हता. उपरा, पोरका आणि विधवा यांच्यावरचा जुलूम, चोरी, खोट्या शपथा, आणि एवढे करून मंदिरात निर्धास्त येणे, हाही होता. प्रकरण जिवावर बेतले. शंभरेक वर्षांपूर्वी मीखाही असेच बोलला होता आणि हिज्कीया राजाने त्याला मारले नव्हते, हा दाखला काही वडीलधाऱ्यांनी दिला. दरबारातल्या अहीकामानेही पाठीशी घातले, म्हणून यिर्मया वाचला. पुढे तर त्याने चाल करून येणाऱ्या नबुखद्नेस्सरालाच परमेश्वराचा सेवक म्हटले. देशद्रोह वाटावा असेच हे बोल. पण देव आपल्याच बाजूने निकाल देणार हे ठरलेलेच असेल, तर तो आपला वकील झाला, न्यायाधीश नव्हे. शत्रूही ज्याच्या ताब्यात आहे, त्याची सत्ता मंदिराच्या भिंतींबरोबर पडत नाही.

यावर जाणकार मवाबच्या मेशा राजाचा शिलालेख पुढे करतील. इ.स.पू. नवव्या शतकातल्या त्या दगडावरही, कमोश देव आपल्या भूमीवर रागावला म्हणून इस्राएलाने मवाबला छळले, असे कोरले आहे. मुद्दा रास्त आहे; स्वतःच्या लोकांवर कोपणारा देव ही इस्राएलाची मक्तेदारी नव्हे. पण तो लेख विजयी राजाने, संकट टळल्यावर, स्वतःच्या कौतुकासाठी कोरवलेला आहे, आणि देव का रागावला हे त्यात सांगितलेलेच नाही. यिर्मयाच्या वाणीत कारण आहे, आणि ते राजवाड्यापर्यंत जाऊन भिडते.

ही भाकिते घटनेनंतर लिहिली असतील, अशीही शंका घेतात. ग्रंथावर मागाहून हात फिरला, हे बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही, दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल असा दिलासा देणारा संदेष्टा हनन्या खोटा ठरवून, आपल्यावरच आरोप ठेवणाऱ्या माणसाचे शब्द एका हरलेल्या समाजाने जपले, हे उरतेच. याला नुसती भीती म्हणता येत नाही. भेदरलेला माणूस असली कागदपत्रे आधी नष्ट करतो.

शिवाय हा न्याय म्हणजे अटळ विधिलिखितही नाही. कुंभाराच्या चाकावरचा गोळा बिघडला तर तो पुन्हा घडवतो, तसे राष्ट्र वळले तर ठरवलेले अरिष्टही मागे घेतले जाते, असे यिर्मया सांगतो. योनाने निनवेला ४० दिवसांची मुदत दिली. नगर पश्चात्तापाने वाचले आणि रुसला तो संदेष्टाच! आपण जाहीर केलेली शिक्षाही मागे घेण्याची मुभा देवाने राखून ठेवली आहे, हे त्या बिचाऱ्याला पचले नाही. आजही भूकंप-महापूर झाला की दुसऱ्यांच्या पापांचा पाढा वाचणारे भेटतात. संदेष्ट्यांनी परराष्ट्रांनाही सुनावले, पण यिर्मयाने बोट आधी स्वतःच्या घराकडे वळवले.

यरुशलेमेच्या वेढ्यात भुकेने मेलेल्या लेकरांचा गुन्हा काय, या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. विलापगीताचा ग्रंथही ते देत नाही; तो ते दुःख थेट देवासमोर मांडतो. कोकणातले बेने इस्राएल याच उद्ध्वस्त मंदिरासाठी अव महिन्याच्या नवमीला उपास धरत आले. बिरड्याच्या आमटीवरून त्याला त्यांनी ‘बिरड्याचा रोजा’ हे अस्सल कोकणी वळणाचे नाव दिले. ज्याने मंदिर पडू दिले, त्या दिवशीची प्रार्थना त्याच्याकडेच असते.